चावी काढली तरी

माझ्या दुकानात गाडी घेऊन येणारे निम्मे लोक बोलायच्या आधी इकडेतिकडे बघतात. मग आवाज खाली आणून म्हणतात, "ताई, हसू नका हं." आणि मग सांगतात, की उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, अमुक एका वळणावर आतला दिवा पेटतो, ब्रेक दाबला की रेडिओ बोलायला लागतो. मी हसत नाही. पेणमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून छत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली दहा वर्षं लोक मलाच हसत होते. बाईमाणूस बॉनेटमध्ये डोकं घालून उभी आहे हे बघायला रिक्षा थांबायच्या. "मालक कुठं आहेत?" असं काही जण मलाच विचारायचे. मी सांगायची, "मालक जेवायला बसलेत, तुम्ही तोवर बॅटरी काढून ठेवा." बिचारे काढून ठेवायचे.

हे काम मी वडिलांकडे शिकले. रोह्याला त्यांचं डायनामो भरायचं दुकान होतं. भरायचं म्हणजे जळलेली तांब्याची तार सोडवून नवी गुंडाळायची. वडील फार बोलत नसत, पण वीज कशी वागते हे त्यांनी मला नीट समजावलं होतं. ती बॅटरीतून निघते आणि तिला बॅटरीकडेच परत जायचं असतं. सरळ वाट मिळाली नाही की ती आडवाटेनं जाते, आणि गाडीत जे जे अघटित घडतं ते तिच्या त्या आडवाटेमुळे. ती आडवाट शोधायची म्हणजे माझा धंदा. टेस्ट लॅम्प हातात घ्यायचा आणि घाबरलेल्या माणसाला बाजूला बसवून चहा द्यायचा.

एका वर्षी गणपतीच्या आधी एका कारखान्याचा टेम्पो आला. मागे पंचवीसेक मूर्ती होत्या, खेड्यातून पेणला आखणीसाठी आणलेल्या. आखणी म्हणजे डोळे लिहिणं, ते सगळ्यात शेवटी होतं. टेम्पो दारात उभा राहिला आणि त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेना. ड्रायव्हर खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. मी स्टिअरिंगखाली वाकले तेव्हा मागच्या फटीतून ते पंचवीस आंधळे चेहरे माझ्याकडे वळलेले दिसत होते, आणि खरं सांगते, मी तार कापायच्या ऐवजी आधी नमस्कार केला. कारण साधंच निघालं. ड्रायव्हर कारखान्यात मातीतही हात घालायचा, तसाच येऊन गाडी चालवायचा. हॉर्नच्या तारेपाशी शाडूचा थर बसला होता. कोरडा होता तोवर गप्प, दमट हवेत ओला झाला की त्यातून वीज जायची. मी ड्रायव्हरला तो थर खरवडून दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे मातीच वराडत व्हती ना?" मी त्याच्या हातावर साबण ठेवला.

तरी त्या टेम्पोची भीती मला दुसऱ्या दिवशी उरली नव्हती. जी उरली आहे ती एका काळ्या अँबॅसिडरची, आणि त्या गाडीत नेमकं काय बिघडलं होतं हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक आहे. कारण ती चूक माझी होती. इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, ती आज इथे लिहिते आहे.

ती गाडी नानांची. वडखळच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात त्यांचं घर. त्यांचे वडील मिठागरावर राबले, नानांनी मात्र गाडी घेतली आणि चाळीस वर्षं ती भाड्यानं चालवली. आसपासच्या पाचसहा गावांतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून सासरी गेली आणि तिच्या बाळंतपणाला तीच गाडी तिला पेणच्या दवाखान्यात घेऊन आली. नाना बोलायला फटकळ, पण गाडीशी हळुवार.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी पाठवायचं काम डिस्ट्रिब्युटर नावाच्या एका गोल डब्यात चालतं. त्यात 'पॉइंट' म्हणून दोन बारीक तोंडं असतात. इंजिन फिरलं की ती उघडतात आणि मिटतात, आणि दर उघडण्याला कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, एक ठिणगी फेकते. मिनिटाला हजार-दोन हजार वेळा हे चालतं, त्यामुळे तोंडं जळून काळी पडतात. मग ती पॉलिश पेपरनं घासायची आणि मधली फट पुन्हा जुळवायची. नाना ती फट काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं जुळवत. मी माझं गेज घालून बघायची, तर तंतोतंत निघायची. मला फार राग यायचा.

आता या पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक संच मिळतो. चुंबकाची एक कडी आणि तिच्यावर नजर ठेवून बसणारा काळा तुकडा, बस. काही घासत नाही, काही जळत नाही. त्याला तारा दोनच, लाल आणि काळी, म्हणून लोकांना वाटतं की दहा मिनिटांचं काम. पण लाल तारेला पुरे बारा व्होल्ट लागतात. जुन्या गाडीची चावी, तिच्या गंजक्या पट्ट्या, चाळीस वर्षांच्या तारा यांतून येता येता वीज दमून जाते. म्हणून मी मध्ये रिले घालते. चावीनं फक्त खूण करायची, आणि रिलेनं थेट बॅटरीतून ताजी वीज घेऊन संचाला द्यायची. हे असं केलं की आणखी एक बारीकशी वस्तू लावावीच लागते, तिचं नाव डायोड. विजेसाठी एकाच बाजूला उघडणारं दार म्हणा. ते कुठे आणि का, ते पुढे येईल.

त्या वर्षी थंडी संपत आली होती. मिठागरं पांढरी पडायला लागली होती. एका सकाळी नानांच्या मुलाचा, महेशचा फोन आला. "कुंदाताई, घरी याल काय? गाडी चालू करायची हाय. बाबांना ऐकवायला."

नानांना दोनदा झटका येऊन गेल्याचं मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं आणि आता हलवू नका म्हणून बजावलं होतं. अकरा दिवस ते अंथरुणावर होते. पाणी चमच्यानं. डोळे मिटलेले. आणि तोंडात एकच वाक्य, दिवसातून पन्नासदा: "गाडी काढ. रोह्याला जायचाय."

रोह्याला त्यांची मुलगी होती, रंजना. तिथे जवळच धाटावला एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिथेच कामाला असलेल्या विलासशी तिनं चौदा वर्षांपूर्वी लग्न केलं. विलास नदीकाठच्या आदिवासी वाडीवरचा. नानांनी सगळ्या गावासमोर तिला सांगितलं होतं, "तुज्या दारात माजा पाय लागणार नाय." त्यांनी ते पाळलं. गावच्या सगळ्या पोरी त्यांच्या गाडीतून सासरी गेल्या आणि त्यांची स्वतःची मुलगी पिशवी घेऊन एसटीनं गेली. याबद्दल मी नानांशी एकदा भांडलेही होते. ते म्हणाले, "तू तारा जोड."

मी पोचले तेव्हा दहा वाजले असतील. गाडी अंगणात, पडवीसमोर उभी होती. दोन वर्षं चालवलेली नव्हती. पॉइंट जळून गेलेले. महेशनं लग्नात गाडी भाड्यानं द्यायच्या विचारानं इलेक्ट्रॉनिक संच मागवून ठेवला होता, तो खोक्यातच होता. काशीकाकी, म्हणजे नानांची बायको, बाहेर आल्या. रडत वगैरे नव्हत्या. कामाचं बोलावं तसं बोलल्या.

"रंजूला निरोप धाडलाय. येते म्हणाली नाय. येत नाय असापन म्हणाली नाय. ती येईस्तोवर यांना धरून ठेवायचाय गो. गाडीचा आवाज आयकला तं थांबतील."

"आणि ती नाही आली तर?" मी विचारलं.

"तू गाडी चालू कर."

मी बाह्या वर करून कामाला लागले. धुराचं तोंड घराकडे होतं, म्हणून चार माणसांनी गाडी ढकलून उलटी फिरवली. पॉइंट काढले, कंडेन्सर काढला, कडी बसवली, तुकडा बसवला, लाल तार, काळी तार, रिले. टाकीत काठी घालून पेट्रोल बघितलं, कारण त्या गाडीतले सगळे काटे केव्हाच मेले होते. नानांची खाट खिडकीला लावलेली होती. ड्रायव्हरच्या सीटवरून मला त्यांचं नाक, पांढरी दाढी आणि पांघरुणाबाहेर आलेला उजवा हात एवढं दिसत होतं.

बारा वाजायच्या सुमारास गाडी चालू झाली. मला मनापासून आनंद झाला, इतकं ते इंजिन गोड चाललं होतं. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हलला नसता. मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर बघितलं, तर काकी खिडकीत उभ्या राहून मान हलवत होत्या.

"हा आवाज यांच्या गाडीचा नाय."

बरोबर होतं त्यांचं. नानांची गाडी उभी असताना लंगडायची. तीन ठोके नीट आणि चौथा मागे पडून. सगळा गाव त्या लंगडण्यावरून ओळखायचा की नाना आले. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगलं जुळलेलं इंजिन हातानं बिघडवलं. हवा कमी, पेट्रोल जास्त, वेग खाली, अगदी बंद पडायच्या काठावर. तो मागे पडणारा चौथा ठोका आला आणि आत नानांचा हात हलला. बोटं हळूहळू वाकली, स्टिअरिंगवर ठेवावीत तशी. आता त्यांचं 'गाडी काढ' थांबलं होतं. अंगणात जमलेल्या बायका खिडकीशी सरकल्या.

अर्धा तास झाल्यावर महेश म्हणाला, "ताई, इंजिन तापंल. जरा बंद करू." मी चावी फिरवली आणि काढून घेतली.

इंजिन चालूच राहिलं.

चावी माझ्या तळहातावर होती. मी ती परत घालून फिरवली, परत काढली. तीन ठोके आणि चौथा मागे. भर दुपार, डोळ्यांवर येणारं ऊन, आणि समोर कोणीही चालवत नसलेली ती गाडी लंगडत चालली होती. बायका मागे सरकल्या. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "त्यांनीच धरलीय." इतकी वर्षं दुसऱ्यांची भुतं उतरवली होती, पण त्या क्षणी मला एकही तार आठवेना.

मग डॅशबोर्डवरचा लाल दिवा दिसला. बॅटरी चार्ज होते की नाही ते सांगणारा. चावी काढल्यावर तो विझायला हवा होता. तो पेटला होता, पण अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढा. मला सगळं कळलं. गाडी चालू असताना अल्टरनेटर वीज तयार करतो. ती वीज त्या लाल बल्बातून उलटी येत होती आणि रिलेला सांगत होती, की चावी अजून आहे. रिलेला धरून ठेवायला तेवढी पुरत होती. हे होऊ नये म्हणूनच ते एका बाजूनं उघडणारं दार असतं. ते दार, तो तीळभर डायोड, पेणला माझ्या टेबलावर चहाच्या पेल्याशेजारी राहिला होता. पंधरा पोरांना मी हे शिकवलं असेल, आणि गडबडीत मीच विसरले.

डॅशखाली हात घालून बल्ब उपसला. इंजिन गप्प झालं.

आणि आतून नानांचा आवाज आला. गेल्या अकरा दिवसांतला तो पुटपुटणारा नव्हे, चांगला स्वच्छ, ड्रायव्हरचा.

"पोचलो काय?"

मी काकींकडे बघितलं. त्या खाटेवर टेकलेल्या होत्या. हो म्हटलं तर काय होईल हे त्यांना दिसत होतं, आणि मलाही. त्या म्हणाल्या, "नाय वो. वडखळचा नाका हाय. गाड्या अडकल्यात."

"मंग बंद कशाला केली?"

"चुकून केली." मग खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लाव गो."

मी बल्ब परत बसवला. चावी लावून ठेवली असती तर बल्बाशिवायही गाडी चालली असती, पण तो नसला की अल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी उतरते. गाडी चालू केली. काकींनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. "आता चावी काढ नि दे मला."

इथे मी सांगायला हवं होतं. काकी, ही माझी चूक आहे, यात दुसरं काही नाही. मी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती नानांच्या उजव्या हातात दिली आणि नानांची मूठ मिटली. बाहेर गाडी चालू, आणि चावी आत मरणाऱ्या माणसाच्या मुठीत. त्या गावात आजही लोक हेच सांगतात, आणि त्यात खोटं एक अक्षर नाही.

महेशनं विलासला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "शिफ्ट अर्धी टाकलीय. निघतोय." धाटावहून आमच्याकडे मोटारसायकलनं यायचं म्हणजे दीड तास तरी. रस्ता खोदून ठेवलेला, ते वेगळंच. तेवढा वेळ काकींना नानांना रस्त्यावर ठेवायचं होतं.

मग सुरू झालं ते मी कसं लिहू? काकी खाटेशी बसून रस्ता सांगत होत्या, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून होते, कारण तो लंगडा वेग बंद पडायच्या इतका काठावर होता, की पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवावा लागत होता. म्हणजे गाडी मीच चालवत होते म्हणा ना. चाकाला वीट लावलेली, समोर माडाचं खोड.

"सुटलो नाक्यावरून," काकी म्हणाल्या. पुष्कळ वेळानं, "गडब आला."

"थांबू नको," नाना म्हणाले. "चाय नको."

"नाय थांबत."

महेश वडखळहून कॅनमध्ये पेट्रोल घेऊन आला आणि चालत्या गाडीत हळूच ओतायला लागला. एरवी मी त्याला कानफटात दिली असती. त्या दिवशी मी नळी धरली.

काकींनी कासू सांगितलं तेव्हा नानांनी डोळे उघडले. छताकडे नव्हे, समोर, काचेतून बघावं तसे. "रंजू गेली," ते म्हणाले. "समोरनं. गाडीवर मागं बसलीय. तोंडाला निळी ओढनी."

काकींचा हात त्यांच्या कपाळावर होता तो तिथेच राहिला. "आपल्याकडंच चाललीय मंग," त्या म्हणाल्या.

"आपन तिच्याकडं चाललोय नि ती कुठं चालली?"

"येईल माघारी. तुमी चला."

मी महेशकडे बघितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. फोन आला नव्हता, कोण कुठे पोचलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. निळ्या ओढण्या रायगड जिल्ह्यात हजारो असतील, आणि मोटारसायकलवर मागे बसलेली प्रत्येक बाई धुळीसाठी तोंड बांधते. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं.

नागोठणं काकींनी खूप ताणलं. पुलावर गर्दी, मग फाटक, मग कोणाची तरी वरात. त्यांना रस्ता पाठ होता. चौदा वर्षं त्या रंजूकडे चोरून जात होत्या, हे मला तेव्हा लक्षात आलं. मग त्या थकल्या आणि म्हणाल्या, "खिंड आली."

रोह्याला उतरायच्या आधी खिंडीचा चढ लागतो. मी काही ठरवलं नव्हतं. माझा पाय आपोआप दाबला गेला, इंजिनचा आवाज चढला, आणि मी तो तसाच धरून ठेवला, जसा चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धरावा लागतो. नानांचा डावा पाय पांघरुणाखाली हलला, क्लच दाबल्यासारखा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता, एक स्टिअरिंगवर होता आणि दुसरा गिअरच्या दांड्यावर. मी स्टिअरिंग का धरलं होतं ते मला सांगता येणार नाही.

"उतार लागला," काकी म्हणाल्या. मी पाय सोडला.

त्याच वेळी मोटारसायकल अंगणात शिरली. रंजूनं तोंडावरची ओढणी सोडली. ती निळी होती. विलास गाडी स्टँडवर लावून कुंपणापाशीच थांबला, हेल्मेट हातात धरून. रंजूनं चालू गाडीकडे बघितलं, सीटवर मला बघितलं, डॅशवरचं चावीचं रिकामं भोक बघितलं.

"चावी कुठाय?"

मी खिडकीकडे मान केली.

ती पडवीत चढली, पण दारात थांबली. चौदा वर्षांनी त्या उंबऱ्याशी आली होती, आत पाऊल पडेना. आतून काकींचा आवाज आला. "रोहा आलं वो. रंजूचं घर आलं."

"दारात हाय ती?" नानांनी विचारलं.

काकींनी वर बघितलं. सगळं आता रंजूवर होतं. ती तिच्या बापाच्या दारात उभी होती, आणि बाप तिच्या दारात आला होता. तिनं घसा खाकरला.

"हाय बाबा. या. आत या."

मी ड्रायव्हरच्या सीटवरून जे बघितलं ते असं. पांघरुणाबाहेरची ती मूठ, चावी धरलेली, मनगटातून डावीकडे वळली. गाडी बंद करताना वळवतो तेवढीच. आणि माझ्यासमोर इंजिन थांबलं. धडपडून नाही. बंद केल्यासारखं.

नंतर मी सगळं तपासलं. टाकीत पेट्रोल होतं. बल्ब जागेवर होता, शाबूत होता. रिले शाबूत होता. मी वेग फार खाली लावला होता, पाय काढल्यावर तो आणखी पडला असणार, अल्टरनेटर ढिला पडला असणार, रिले सुटला असणार. हे होऊ शकतं. पुढच्या आठवड्यात जाऊन मी डायोड बसवला, आणि त्यानंतर ती गाडी चावी काढली की निमूट थांबते. तो बसवताना काकी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "काय लावतेस?" मी म्हटलं, "काही नाही, एक ढिली तार होती." महेश त्यांना हे वाचून दाखवील. त्यांनी मला माफ करावं. माझी चूक नसती तर इंजिन चावीबरोबर थांबलं असतं आणि मी मुकाट घरी गेले असते, हे मला कळतं. पण ज्या कामाचा अभिमान मिरवला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट विसरण्यातून घडली, हे पचायला जड जातं.

इंजिन थांबल्यावर इतकं शांत झालं, की खाडीवरचा वारा ऐकू यायला लागला. रंजू उंबरा ओलांडून खाटेच्या पायथ्याशी गेली. नानांनी तिच्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. परक्या घरी आलेला माणूस विचारतो तसं त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"चपला हिथंच काढू?"

कुंपणापाशी थांबलेला विलास केव्हा पडवीत आला होता ते मला कळलं नाही. त्यानंच दारातून सांगितलं, "राहू द्या, नाना. तशेच या."

"नाय रं," नाना म्हणाले. "घर हाय तुमचं."

पांघरुणाखाली त्यांचे दोन्ही पाय एकमेकांवर घासले. आधी डावी काढली, मग उजवी.